तात्यांना खाली घेऊ नका!

एखादं काम माझ्यावर सोपवलं की ते झालंच म्हणून समजा! हे मी नाही, आमचे तात्या म्हणायचे. तात्या म्हणजे माझे चुलत आजोबा विष्णुपंत, निजामाच्या राज्यात तलाठ्यांची दप्तरं तपासणारे गिरदावर. राज्य गेलं, नोकरी सरली, तरी येरमाळ्यात सगळे त्यांना गिरदावरसाबच म्हणायचे. मी सातवीत असताना पंधरा ऑगस्टला शाळेत भाषण ठोकलं आणि त्याच संध्याकाळी तात्यांनी मला ओसरीवर त्यांच्या बाजेजवळ बोलावलं.

"वनमाले, माझा शेवट आला की ही मंडळी मला बाजेवरून खाली घेणार. ओल्या सारवणावर! माझे गुडघे तुला ठाऊक आहेत."

"पण तात्या, सगळ्यांनाच घेतात की. बाजेवर जीव जाऊ नये म्हणतात."

"जाऊ दे की! जीव माझा, बाज माझी! मला बाजेवरच ठेवायचं. वचन दे."

"मग शांताक्काला सांगा ना."

शांताक्का त्यांची थोरली बहीण. तात्यांनी आधी दाराकडं पाहिलं. "तिला मी सांगू? एक वेळ तहसीलदाराला सांगीन! तूच सांग. तुझा आवाज खणखणीत आहे."

मी वचन दिलं.

पुढच्या चैत्रात येडेश्वरीच्या जत्रेत तात्यांनी अर्धं कलिंगड आणि त्यावर परातभर भजी खाल्ली. दुसऱ्या दिवशी ताप, उलट्या, डोळे पांढरे! वैद्य जत्रेत हरवलेले. शांताक्कानं नाडी धरली, मान हलवली. "लक्षण धड नाही. सारवा गं!"

आई शेणाची बादली घेऊन धावली. मी बाजेपुढं उभी राहिले. "माझ्या बंधू-भगिनींनो! तात्यांची इच्छा..."

"हो बाजूला, भवाने!"

संपलं भाषण! मग मी दोरीवरचं आईचं लुगडं ओढलं आणि सगळे तुळस-पाण्याच्या मागं असताना तात्यांना बाजेला बांधून टाकलं. छातीवरून, पोटावरून, पायांवरून, कडब्याच्या गाडीसारखं करकचून! वरून गोधडी.

बाबांनी खांदे धरले, शेजारच्या बलभीमनं पाय. "उचल!" तात्यांबरोबर बाजही उठली!

"लई जड झालेत की!" बलभीमला धाप लागली.

"जीव अडकलाय कशात तरी," शांताक्कानं डोळ्यांना पदर लावला. "विष्णू, काय हवंय रे? बासुंदी करू?"

बासुंदीचं नाव काढताच गोधडीखालून "नको, नको" असं विव्हळणं आलं.

"बोलला! उचला आता!"

अंगणातून तात्यांचे दोस्त जैनोद्दीनचाचा वाकून बघत ओरडले, "अरे ठैरो! गिरदावरसाबला बांधलंय कुणी?"

उशीर झाला होता. बाज कलंडली! तात्या ओल्या सारवणावर पालथे, पाठीवर बाज, अगदी कासव! त्या दणक्यानं त्यांना असा ढेकर आला की वळचणीतली कबुतरं उडाली. तात्यांनी डोळे उघडले. सगळे माझ्याकडं बघत होते आणि मी तात्यांकडं. आता ते शांताक्काला सुनावणार!

तात्यांनी गाल जमिनीला टेकवला. "अहाहा! काय गार वाटतंय इथं!"

त्या उन्हाळ्यात ते पुन्हा बाजेवर झोपले नाहीत. मला हळूच म्हणाले, "वनमाले, आपलं ठरलेलं रद्द. शेवटी जमीनच बरी. पण शांताक्काला बोलू नकोस, डोक्यावर बसेल!"

यंदा माघात तात्या खरोखरच निघाले. मी मॅट्रिकसाठी धाराशिवला मामाकडं असते. मिळेल त्या एसटीनं आले. तीच ओसरी, तीच बाज. तात्या मात्र गोधडीत एवढेसे दिसत होते. बाबा पुढं झाले तर शांताक्कानंच त्यांना अडवलं.

"थांब. मागं या पोरीचं ऐकलं नाही आपण. आधी त्याला विचारू दे तिला."

मी त्यांच्या कानाशी वाकले. "तात्या, बाजेवरच राहायचं?"

तात्यांनी बोट खाली केलं. ओठांवर हसू होतं, अगदी त्या दिवशीच्या 'अहाहा!'सारखं.

शांताक्का रडता रडता कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी तेव्हापासून दुसरं काय सांगतेय!"

मी शेण कालवायला घेतलं.