दोन पुरुष खोल दवंडी

आमच्या गावात पाण्याचा दाब ग्रामसभा ठरवते. ठराव झाला की बारकूअण्णा खाणीच्या काठावर उभे राहून पाण्याला दवंडी देतात. आवाज जिथपर्यंत पोहोचतो, तिथपर्यंतचं पाणी ठराव पाळतं. अण्णांचा आवाज तळापर्यंत जातो, त्यामुळे आजवर कधी अडचण आली नव्हती.

खाण म्हणजे गावामागची काळ्या दगडाची जुनी खाण. दगड संपला आणि पाणी भरलं. ती सहा पुरुष खोल आहे. गावाचे नळ तिच्यावरच चालतात.

माझ्या विजूआत्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. तिथं तिनं पाणबुडी बांधली. दुधाच्या टँकरची भंगारातली टाकी आणि खिडकीला वॉशिंग मशीनचं गोल दार. शाळेतून आले की मी तिच्या हाताखाली काम करायचे, कारण तिथं फार बोलावं लागत नाही.

"पाणी नुसतं वरून दाबत नाही," आत्या सांगायची. "सगळीकडून दाबतं. म्हणून गोल बांधायचं. कोपरा दिसला की दाब तिथूनच घुसतो."

"ही किती दाब सोसेल?"

"आत्ताच्या ठरावाप्रमाणे सहा पुरुषांचा. म्हणजे तळापर्यंत."

"आणि त्याहून जास्त झाला तर?"

"तर पायाखाली आलेल्या डब्यासारखी चेपेल. माझ्यासकट."

रविवारी सकाळी ती खाली गेली. वाळूची पोती सोडून दिवेलागणीला वर यायचं ठरलं होतं. पाणबुडीच्या झाकणातल्या रबरी बुचातून आत गेलेली खुणेची बारीक दोरी माझ्याकडे होती. दोरी एकदा ओढली की 'सगळं ठीक', ही खूण आम्ही ठरवली होती. दुसरी खूण ठरवायची राहून गेली.

दुपारी अचानक विशेष ग्रामसभा लागली. मी दोरी काठावरच्या खुंटीला बांधली आणि बाबांबरोबर गेले.

वरच्या वाडीच्या हौसाकाकू उभ्या राहिल्या. "आमच्या नळाला करंगळीएवढी धार येते. हंडा भरेस्तोवर चुलीवरचा भात करपतो. दाब दुप्पट करा."

हे खरं होतं. त्यांच्या घरी गेलं की प्यायला पाणी मागायचीही लाज वाटते.

बाबा म्हणाले, "विजू खाली आहे."

"खाली म्हणजे?" सरपंच नलिनीताईंनी विचारलं.

"खाणीत. तळाला. दाब दुप्पट झाला तर ती वाचायची नाही."

ग्रामसेवक घोडके भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. "त्यांनी पंचायतीला तसं आगाऊ कळवलेलं नाही."

"ती वर आली की दवंडी द्या. एवढंच म्हणतोय."

"झालेला ठराव सूर्यास्ताआधी पाण्याला कळवावा लागतो. नाही कळवला तर रद्द. मग तो विषय पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी?" हौसाकाकू म्हणाल्या. "तोवर माझी सून माहेरी जाऊन बसेल. आत्ताच बॅग भरून ठेवलीय तिनं." सगळे हसले. मग त्या जरा हळू आवाजात बाबांना म्हणाल्या, "तिला वर बोलवून घ्या ना, भाऊ. आमचं काय तिच्याशी वैर आहे?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या कानात खुणेचं सांगितलं आणि त्यांनी ते सभेला सांगितलं.

"दोनदा ओढून बघा," कोणीतरी सुचवलं.

"मग तिला दोनदा ठीक वाटेल," बाबा म्हणाले.

हात वर झाले. बाबांचा नाही झाला. ठराव मंजूर. बारकूअण्णांनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि हलगी शेकायला कागद पेटवला.

मी मनात हिशेब केला. नळाच्या पाइपाचं तोंड दीड पुरुष खोलीवर आहे, ते मी पाहिलेलं आहे. वर्गात माझं उत्तर दुसऱ्या बाकापर्यंत जातं. तिथपर्यंत दोन माणसं एकामागे एक झोपली तर जागा बरोबर भरेल. म्हणजे माझा आवाज दोन पुरुष जातो, त्याखाली ठराव पोहोचणार नाही. दोन पुरुष खोलीवरचा दाब दुप्पट केला तर तो चार पुरुषांएवढा होतो. टाकी सहाची आहे.

मी उभी राहिले. "दवंडी मी देऊ का?"

"कोण बोललं?" नलिनीताई म्हणाल्या.

"शर्वरी," मागून गुरव सर म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नव्हतं, त्यांनी ओठ पाहिले होते. "ताई, ही पाचवीपासून माझ्याकडे आहे. आज पहिल्यांदा आपणहून बोलली. देऊ द्या तिला."

भाऊसाहेबांनी नियम पाहिला. दवंडीला वयाची अट नव्हती.

"पाण्याचे कान जाड असतात, पोरी," हलगी माझ्या गळ्यात अडकवत अण्णा म्हणाले. "बेंबीच्या देठापासून ओरडायचं."

"नळाला पाणी आलं म्हणजे झालं," नलिनीताई म्हणाल्या.

सगळे खाणीवर आले. दोरी खुंटीपासून सरळ खाली गेली होती. मी हलगीवर टिपरी मारली आणि पाण्याकडे पाहून मी नेहमी बोलते तशीच बोलले. "ऐका हो ऐका. आजपासून दाब दुप्पट."

"काय म्हणाली?" मागून कोणीतरी विचारलं.

वरचं पाणी जरा काळपट झालं. दोन पुरुष खोलीवर खाणीच्या भिंतीला एक रेघ उमटली. तिच्याखालचं पाणी होतं तसंच राहिलं.

मग वरच्या वाडीतून आरोळी आली. "आली! धार आली! हंडा कलंडला!" हौसाकाकू धावल्या आणि त्यांच्यामागून सगळी सभा गेली. काठावर बाबा आणि मी उरलो. बाबांनी दोरी हातात घेतली. बराच वेळ ती हलली नाही. मग खालून कोणीतरी ती एकदा ओढली.

सूर्य बुडाल्यावर बुडबुडे आले आणि पाठोपाठ टाकी वर आली. खिडकीजवळ वाटीएवढा पोचा पडला होता. झाकण उघडून आत्यानं डोकं बाहेर काढलं.

"शेवटी शेवटी दाब एकदम वाढला, जरा जड गेलं," ती म्हणाली. "आज काही झालं का रे, दादा?"

"दाब दुप्पट केला," बाबा म्हणाले. त्यांनी अजून दोरी सोडली नव्हती.

"मला दवंडी नाही ऐकू आली."

"मी दिली," मी म्हणाले.

आत्यानं कानामागे हात धरला. "काय?"

"मी दिली."

"बरं केलंस," आत्या म्हणाली आणि पोचा काढायला तिनं माझ्याकडे हातोडी मागितली.