सिंधूमावशींची खिडकी

आमच्या शेजारच्या सिंधूमावशी रोजचा पेपर लग्नपत्रिकेच्या भोकातून वाचतात. पत्रिकेला मधोमध एक लांबट खिडकी कापलेली; ती ओळीवर ठेवायची, ओळ संपली की खाली सरकवायची. देवळात आरतीचं पुस्तक असंच, रेशन दुकानातली पाटीसुद्धा अशीच, एक डोळा मिटून. कऱ्हाडातल्या लोकांनी आधी हसून घेतलं, मग चष्म्याची दुकानं सुचवली. मावशींचं सगळ्यांना एकच उत्तर, "लय झ्याक दिसतंय. तुमी बी कापा की एक."

मावशींची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. निवृत्त झाल्या तरी सवय सुटलेली नाही. हळदीकुंकवाला बायका दारात घोळका करून उभ्या राहिल्या की ओरडतात, "पुढं सरका, आत जागा हाय!" गप्पा पुरे झाल्या की बांगडीने टणटण वाजवतात, "चला, डबल बेल!" म्हणजे पाहुण्यांनी उठायचं. अर्धा चहा टाकून मीही उठलेलो आहे.

मुलगा-सून पुण्याला नोकरीला, त्यामुळे सहावीतली नात गौरी मावशींपाशी असते. गोष्ट एकदा ऐकली की तिची तोंडपाठ. पण वाचताना ओळ सुटायची, फळ्यावरचं वहीत उतरवताना निम्मे शब्द गायब व्हायचे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर उत्तम असल्याचं सांगितलं. तरी मावशींनी गाजरं सुरू केली, आणि शेजारी म्हणून मलाही खायला लावली. शाळेत मात्र आळशी म्हणून शिक्का बसला. एके दिवशी गौरीने दप्तर कोपऱ्यात फेकलं.

"मी ढ हाय आज्जी. मी न्हाई जायची आता शाळंला."

दुसऱ्या दिवशी मावशी स्वतःच शाळेत गेल्या.

नव्या वर्गशिक्षिकेने त्यांना समजावलं. काही मुलांच्या डोळ्यांना दिसतं सगळं, पण दिसलेलं मेंदूला नीट लावून घेता येत नाही. त्याची चाचणी सांगलीला होते, फक्त शाळेचं पत्र हवं. मावशी मुख्याध्यापकांकडे गेल्या.

"आमच्या शाळेत असली मुलं नाहीत," सर म्हणाले. "डोळे तपासलेत ना?"

"डोळं तपासलं, सर. आता डोळ्याच्या मागं काय चाललंय ते बगायचंय."

"बघू पुढच्या वर्षी."

"मग मी बसते हितंच."

आणि खरंच बसल्या. रोज शाळा भरली की मावशी ऑफिसातल्या बाकावर. आलेल्या पालकांना रांगेत लावायच्या, "वाटंत उबं राहू नका!" सरांचं बोलणं लांबलं की टेबलावर टणटण, आणि पालक उठून चालू पडायचे. वरून साहेब तपासणीला आले, त्यांनाही मावशींनी डबल बेल दिली. त्याच दुपारी सरांनी पत्रावर सही केली.

सांगलीला मीही सोबत गेलो. आष्टा येईपर्यंत मावशी एसटीतल्या कंडक्टरच्या चुका काढत होत्या. चाचणी घेणाऱ्या बाईंनी गौरीला चित्रांत लपलेले आकार शोधायला दिले, आकृत्या उतरवायला लावल्या आणि सांगितलं, पोरगी हुशार आहे, फक्त ओळी तिच्या नजरेत गर्दी करतात. मोठ्या अक्षरांचे कागद, फळ्यावरचा मजकूर हातात, परीक्षेला जादा वेळ आणि वाचायला खिडकी कापलेला पुठ्ठा, एवढं दिलं की झालं. शाळेने सगळं मान्य केलं. सर तर फारच घाईने मान्य करत होते.

घोडं अडलं पुठ्ठ्यापाशी. पहिल्याच दिवशी वर्गातली पोरं हसली आणि गौरीने तो दप्तराच्या तळाशी घातला. त्याच्याशिवाय वाचता येईना, आणि ती तो बाहेर काढेना. पुन्हा शाळा नको म्हणू लागली. मावशींचं लग्नपत्रिकेचं खूळ त्याच आठवड्यात सुरू झालं. मला वाटलं, वय झालं बाईंचं.

परवा दुपारी मी त्यांच्याकडे पेपर मागायला गेलो. मावशी ओट्यावर पेपर वाचत होत्या. हातात पत्रिका नाही, दोन्ही डोळे उघडे, आणि वाचन भराभर.

"मावशी, तुमची खिडकी कुठाय?"

"पोरगी शाळंत हाय न्हवं," त्या पान उलटत म्हणाल्या. "एकटीनं वापरली तर हसत्यात. साऱ्या गावानं वापरली तर कोण कुणाला हसंल?"

तेवढ्यात फाटक वाजलं. मावशींनी झटकन पत्रिका काढून एक डोळा मिटला. गौरी आली, त्यांना खेटून बसली, दप्तरातून पुठ्ठा काढून पुस्तकावर ठेवला आणि मोठ्याने धडा वाचू लागली. हळूहळू, पण एकही ओळ न सोडता. मावशींची पत्रिका मघापासून एकाच ओळीवर थांबली होती. मला उठावंसं वाटेना.

धडा संपला. गौरीने माझ्याकडे पाहिलं आणि कंपासपेटीवर टणटण केलं.

"चला काका, डबल बेल!"