दार उघडत नाही!

बरोबर अकरा वाजता नापासरावांनी खुर्ची पुढे ओढली, बोटं कडाकडा मोडली आणि कॉम्प्युटरसमोर बसले. साडेअकराला ते उभे होते आणि कॉम्प्युटरवर ओरडत होते.

"लाज नाही! लाज नाही यांना! सहा वर्षं! सहा वर्षं माणसाला ताटकळत ठेवायचं आणि शेवटी हे हातात द्यायचं?"

"काय झालं?" आतून बायकोने विचारलं. "सवत रुसली?"

'अंधारकोट' नावाच्या कॉम्प्युटर गेमला ती सवत म्हणायची. पहिला भाग आला तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं, त्यामुळे नक्की सवत कोण, याबद्दल सुरुवातीला तिलाही शंका होती. दुसऱ्या भागाच्या शेवटी खेळातला शिपाई सगळा किल्ला पालथा घालून एका काळ्या दारापाशी येतो, मुठीला हात घालतो आणि तिथेच खेळ संपतो. दारामागे काय आहे? हा प्रश्न नापासरावांनी सहा वर्षं उराशी बाळगला होता. तिसरा भाग येणार येणार म्हणून चार वेळा तारखा पडल्या आणि चारही वेळा पुढे गेल्या. आज एकदाचा तो आला होता. नापासरावांनी खास रजा काढली होती. फोन बाजूला, चहा थर्मासमध्ये, दाढी आदल्या दिवशीच. सगळी तयारी कशी चोख होती.

आणि दार उघडत नव्हतं.

म्हणजे शिपाई मुठीला हात घालायचा, मूठ फिरायची, करकर आवाजही यायचा. दार ढिम्म! पाचव्या खेपेला तर कहर झाला. दार न उघडताच शिपाई त्यातून आरपार आत गेला आणि तिथेच अडकला. पडद्यावर नुसता काळोख. आता त्याला बाहेर आणायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे मारून टाकणे. मेला की तो दाराबाहेर पुन्हा ताजातवाना उभा राहायचा आणि पुन्हा दारात घुसायचा. साडेबारापर्यंत नापासरावांनी त्याला अकरा वेळा मारलं.

आता, दुसरा कुणी असता तर चार शिव्या हासडून गप्प बसला असता. पण नापासरावांना हे सोसणंच शक्य नव्हतं, कारण ते पोटापाण्यासाठी दारंच तपासत. लाकडी कपाटांच्या कारखान्यात ते शेवटचे तपासनीस होते. कपाट त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय गाडीत चढत नसे. प्रत्येक दार ते चाळीस वेळा उघडत, चाळीस वेळा लावत, बिजागरीला कान लावत, खटका बोटाने चाचपत, आणि इतकं करून बहुतेक वेळा म्हणत, "नापास." कारखान्यातल्या सुतारांनी वैतागून त्यांचं नावच नापासराव पाडलं होतं. त्यांना ते पदवीसारखं वाटे. प्रत्येक कपाटाबरोबर एक कार्ड जाई, त्यावर त्यांनी हट्टाने स्वतःचा फोन नंबर छापून घेतला होता. चौदा वर्षांत त्या नंबरावर एकाही गिऱ्हाइकाचा फोन आला नव्हता. इतका आला नव्हता, की नंबर छापलाय हेही ते विसरून गेले होते.

कालची गोष्ट तेवढी जरा वेगळी होती. काल दुपारी चार वाजता मॅनेजरबाई म्हणाल्या, "उद्या सकाळी बत्तीस कपाटं गाडीत चढणार आहेत. तेवढी पास करा आणि खुशाल रजा घ्या." उद्या अकराला खेळायचं तर खेळ आधीच कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायला हवा होता आणि त्यालाच सतरा तास लागणार होते, म्हणजे सहाच्या आत घर गाठायला हवं होतं. नापासरावांनी पहिलं कपाट चाळीस वेळा उघडून लावून बघितलं. उरलेल्या एकतीस कपाटांकडे त्यांनी लांबून, पण विश्वासाने बघितलं. पावणेसहाला त्यांची स्कूटर घराकडे सुटली होती. सुतारांनी एकमेकांकडे पाहिलं, पण बोलतंय कोण?

असो. तर नापासराव खेळाच्या कंपनीचा तक्रार अर्ज भरत होते आणि एकेक वाक्य बायकोला मोठ्याने वाचून दाखवत होते.

"ऐक. 'मी स्वतः तपासनीस आहे. त्यामुळे मला कळतं. हे दार कुणीही उघडून बघितलेलं नाही. कुणीतरी निर्लज्ज माणसाने न बघता, घरी जायच्या घाईत पासचा शिक्का मारलेला आहे.'"

"निर्लज्ज जरा जास्त होतंय."

"कमी होतंय! पुढे ऐक. 'या माणसाला शोधून काढा. त्याला प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दारात माफी मागायला पाठवा. गाडी देऊ नका. पायी पाठवा.'"

"पायी?"

"पायीच! पाय दुखले की शिक्का मारताना हात आपोआप थांबतो."

अर्ज गेला. लगेच उत्तर आलं की आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे, आमचा प्रतिनिधी तासाभरात आपल्याला फोन करील. नापासराव फोन मांडीवर घेऊन बसले. वीस मिनिटांत तो वाजला. नंबर अनोळखी होता. नापासरावांनी घसा खाकरला.

"बोला!"

"तक्रारीसाठी हाच नंबर ना?" पलीकडे एक वयस्कर बाई होत्या. आवाज खणखणीत, आयुष्यभर वर्गावर ओरडलेला.

"हाच, हाच!"

"दार उघडत नाही."

"तेच तर!" नापासराव ताडकन उठले. "दार उघडत नाही!"

"अहो, तेच सांगतेय मी."

"तेच सांगतोय मी! मूठ फिरते, आवाज येतो, पण दार उघडत नाही!"

"बरोबर! अगदी असंच!" बाई चकित झाल्या. "मूठ फिरते हो, पण दार हलत नाही. तुम्हाला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? सकाळपासून तेच भोगतोय! थांबा, तुम्ही कंपनीच्या नाही?"

"मी कशाला कंपनीची? मी गिऱ्हाईक. पदरचे पैसे मोजलेत."

नापासरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. या गाढवांनी एका तक्रारदाराचा फोन दुसऱ्या तक्रारदाराला जोडून दिला होता! असल्या कंपनीकडून दुसरं काय होणार? पण त्यांना बाईंचं कौतुकही वाटलं. या वयात अंधारकोटचा तिसरा भाग म्हणजे खायचं काम नव्हे.

"ताई, आपण एकाच नावेतले. किती वाट बघितलीत तुम्ही?"

"दोन महिने! उद्या देतो, परवा देतो."

"मी सहा वर्षं."

"सहा वर्षं!" बाई ओरडल्याच. "आणि तरी तुमचं उघडत नाही?"

"नाही ना! वर माणूस आत अडकून बसलाय."

"अगं बाई! तुमचाही?" बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "आमचे हे पण आतच आहेत हो. अर्धा तास झाला."

'आमचे हे' ऐकून नापासरावांना भरून आलं. शिपायावर एवढी माया त्यांनीसुद्धा केली नव्हती.

"आत गेले कसे?"

"बघतो जरा म्हणाले आणि शिरले. मागून दार लागलं."

"माझा तर दार न उघडताच गेला."

"न उघडता?"

"आरपार! सांगा आता, याला काय म्हणायचं? बरं, तुम्ही घाबरू नका. मला उपाय सापडलाय."

"सांगा हो, लवकर सांगा."

"मारून टाका."

"काय म्हणालात?"

"मारून टाका त्याला. मनाला लावून घ्यायचं नाही. मेला की लगेच बाहेर जिवंत उभा राहतो. मी सकाळपासून अकरा वेळा मारलाय."

लांबून, डब्यातून यावा तसा एक पुरुषी आवाज आला. "कोण आहे गं?"

"अहो, कुणी गृहस्थ आहेत. तुम्हाला मारून टाका म्हणतायत."

"मग दार कोण उघडणार?" आतून प्रश्न आला.

"आं? तुमच्याकडे तो बोलतो?" नापासराव उसळले. "माझ्याकडे मुका आहे! म्हणजे आवाज पण अर्ध्यांनाच दिलाय! ताई, हा सरळसरळ दरोडा आहे. मी चौदा वर्षं तपासणीच्या धंद्यात आहे, माझ्या हातून असला माल कधी बाहेर गेला नाही. हे ज्याने पास केलं ना, तो माणूस मला एकदा भेटू दे!"

"मला पण भेटू दे!" बाईही पेटल्या. "चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या मी. न वाचता एक सही केली नाही. आणि हा मेला शिक्का मारून मोकळा!"

"बडतर्फ करायला पाहिजे!"

"नोकरीत ठेवलंच कसं असल्याला? थांबा, त्याचा नंबरच वाचते. शिक्का चांगला ठसठशीत मारलाय बरं का, त्यात कसूर नाही. हिरवा, गोल. 'पास. तपासनीस क्रमांक सात.'"

"हिरवा?" नापासराव म्हणाले.

"हिरवा. आणि हे कार्ड. 'मी हे दार चाळीस वेळा उघडून पाहिले आहे. तरी काही तक्रार असल्यास मला थेट फोन करावा.' बघा म्हणजे, खोटं बोलायचं तेही छापून! खाली नंबर आहे, त्यावरच तर तुम्हाला... अहो, पण मग तुम्ही..."

नापासराव खाली बसले. खुर्ची मागे सरकलेली होती, त्यामुळे ते जमिनीवर बसले. 'चाळीस वेळा' हे शब्द त्यांनी स्वतः घातले होते. छापणारा म्हणाला होता, 'अनेक वेळा' म्हणू या. तेव्हा ते त्याच्यावर खेकसले होते की आम्ही मोघम बोलत नाही.

"ताई," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमचे हे म्हणजे... खरेखुरे हे?"

"म्हणजे? खोटे हे असतात का कुठे?"

"कपाटात आहेत?"

"मग काय तेव्हापासून गाणं म्हणतेय का मी? खुंट्या सरळ आहेत का बघायला शिरले!"

"मागच्या फळीला भोकं आहेत, हवा येते. त्यांना म्हणावं बसून राहा. पत्ता सांगा, मी आलोच."

ते स्क्रूड्रायव्हर शोधत होते तेव्हा बायको दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने स्क्रूड्रायव्हर काढून त्यांच्या हातात ठेवला.

बाईंच्या घरी पोचायला त्यांना स्कूटरवरून पंधरा मिनिटं लागली. कपाट ऐटीत उभं होतं आणि त्याच्या कपाळावर हिरवा शिक्का झळकत होता. नापासरावांनी दाराच्या खालच्या कोपऱ्यावर गुडघा टेकला, मूठ वर उचलून डावीकडे झटका दिला. दार उघडलं. आत स्टुलावर एक आजोबा हाताची घडी घालून बसले होते.

"खुंट्या सरळ आहेत," ते म्हणाले.

नापासरावांनी खटका बोटाने चाचपला. उलटा बसवलेला. एकदा दार लागलं की पुन्हा उघडायचं नाव नाही. एका झटक्यात कळण्यासारखी गोष्ट होती. चाळीस वेळा कशाला, एकदा उघडून लावलं असतं तरी कळलं असतं! त्यांचे कान तापले.

बाई चष्म्यातून त्यांच्याकडे निरखून बघत होत्या. "अकरा वेळा मारणारे ते तुम्हीच का?"

"हो."

"आणि तो सात नंबरवाला कुठाय? त्याला बडतर्फ करायचं होतं ना आपल्याला?"

तोंडातून 'तो रजेवर आहे' असं निघणारच होतं. खोटंही नव्हतं. नापासरावांनी शिक्क्याकडे पाहिलं, खटक्याकडे पाहिलं.

"सात नंबर मीच," ते म्हणाले. "हे दार मी उघडून बघितलंच नाही. घरी जायची घाई होती."

बाईंनी टेबलावरचं लाल पेन उचललं, शिक्क्यातल्या 'पास'च्या आधी ठळक 'ना' लिहिलं, आणि म्हणाल्या, "खटका बदला आता. चाळीस वेळा उघडून दाखवा. मी मोजते."

त्यांनी खरंच मोजलं. तेविसाव्या खेपेला आजोबांनी मध्येच काहीतरी विचारलं, म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

नापासराव घरी आले तेव्हा कॉम्प्युटरवर शिपाई अजून काळोखातच होता. फोनवर मॅनेजरबाईंचा निरोप होता. कपाटवाल्या बाईंनी कारखान्यातही कळवलं होतं. गुडघा कुठे टेकायचा आणि मूठ कुठे झटकायची ते तुमच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, तेव्हा उरलेल्या तीस घरी तुम्हीच जायचं, पत्ते सोबत आहेत. नापासरावांनी पत्ते बघितले. एकही पत्ता दुसऱ्याच्या जवळ नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला.

"नमस्कार सर, आम्ही अंधारकोटच्या कंपनीतून बोलतोय," एक दमलेला आवाज म्हणाला. "आपली तक्रार होती की दार..."

"हं. दार," नापासराव म्हणाले. "ते जरा बघून घ्या. खटका उलटा बसला असेल. आणि त्या अर्जातलं शेवटचं वाक्य तेवढं खोडता येईल का?"

"नाही सर. ते सगळ्यांना खूप आवडलं. वरपर्यंत गेलंय."

नापासरावांनी फोन ठेवला, खिशात स्क्रूड्रायव्हर घातला, पत्त्यांचा कागद घेतला आणि स्कूटरच्या किल्लीसाठी खुंटीकडे हात नेला. खुंटी रिकामी होती.

"अगं, किल्ली कुठाय?"

बायको आतून आली. किल्ली तिच्या मुठीत होती आणि दुसऱ्या हातात त्यांचे चालायचे बूट होते, पुसून, नाड्या सैल करून ठेवलेले. तिने ते त्यांच्या पायांपाशी नीट मांडले.

"पायी म्हणालात ना?"