नदीतले सासरेबुवा

"शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता आपल्याला कयाकमधून नदीत जायचंय," सूप वाढता वाढता सोलांजनं जाहीर केलं. "मी नावं नोंदवून आले."

आन्सेल्म रुस्ताँच्या हातातला पावाचा तुकडा सुपात पडला.

"कयाक? आपण? अगं, आपण इथले आहोत! नदीत पर्यटक उतरतात. आपण पुलावर उभं राहून त्यांना हसतो."

"बासष्ट वर्षं हसलास. आता जरा दुसऱ्यांना हसू दे."

"पाणी बर्फासारखं असतं तिथलं."

"पाण्यात नाही बसायचं, होडीत बसायचंय. सोबत गाइड असते. आणि केस कापायला गेले होते ना, तिथे सगळ्याजणी सांगत होत्या की शेवटी शेवटी नदीच्या तळाशी काहीतरी बघण्यासारखं आहे म्हणून. काय ते कुणी सांगत नाही. जो जाऊन येतो तो नुसता हसतो."

'तळाशी' हा शब्द ऐकून आन्सेल्मला ठसका लागला. पण सॉर्ग नदी काही लहान नाही, असं त्यानं स्वतःला समजावलं. एवढ्या लांब नदीला तळही तेवढाच लांब असणार, आणि त्यात बघण्यासारखं पुष्कळ काही असणार. त्यातलं एकच काय ते आन्सेल्मनं टाकलेलं होतं.

ते म्हणजे त्याचे सासरे.

खरे सासरे, तेओद्यूल गार्सँ, गावच्या स्मशानात रीतसर विसावले होते. पण हयात असताना या हेडमास्तरांनी थडगी घडवणाऱ्या एका कारागिराकडून स्वतःचा दगडी अर्धपुतळा करून घेतला होता. कारागिराला देवदूत चांगले जमायचे, हेडमास्तर त्यानं पहिल्यांदाच केले होते. त्यामुळे पुतळ्याच्या मिशा, कपाळावरची आठी आणि 'गृहपाठ कुठाय?' असं विचारणारी नजर एवढंच हुबेहूब उतरलं होतं. सासरे गेल्यावर सोलांजच्या दोन्ही भावांनी अत्यंत जड अंतःकरणानं सांगितलं, की वडिलांवर पहिला हक्क बहिणीचाच. मग सासरेबुवा रुस्ताँच्या जेवणघरात आले आणि आन्सेल्मच्या बरोब्बर समोर बसले. सतरा वर्षं बसले. आन्सेल्मनं चीजचा दुसरा तुकडा घेतला, की ते बघायचे. तिसरा ग्लास भरला, की बघायचे. नाताळात तो एकदा गायला लागला होता, तेव्हाही त्यांनी असं काही पाहिलं, की त्याचा सूर तिथेच बसला.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये सोलांज मावसबहिणीकडे आव्हिन्याँला गेली आणि आन्सेल्मच्या मनानं उचल खाल्ली. पहाटे उजाडताना त्यानं सासऱ्यांना घोंगडीत गुंडाळलं, हातगाडीवर घातलं आणि नदीकडे ढकलत नेलं. वाटेत बेकरीवाल्यानं विचारलं, "काय नेतोयस?" आन्सेल्म म्हणाला, "भोपळा." "मार्चमध्ये?" बेकरीवाल्यानं विचारेपर्यंत गाडी कोपऱ्यावरून वळली होती. जुन्या लाकडी पुलाखाली पाणगवताचं दाट रान माजलेलं होतं. तिथे सासरे डुबुक्कन गेले, गवत त्यांच्यावर मिटलं, आणि आन्सेल्म घरी येऊन मोठ्यानं गायला.

सोलांजला त्यानं सांगितलं, की चोरी झाली. एवढ्यावर भागलं असतं, पण आन्सेल्म पडला गावातला नावाजलेला कुलूपवाला. पोलिसांनी दार बघितलं आणि म्हणाले, "कुलूप तर शाबूत आहे." तेव्हा त्या बिचाऱ्याला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागलं, की हे कुलूप काही फारसं चांगलं नाही, हेअरपिननंसुद्धा उघडतं. ही गोष्ट गावभर झाली. पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला तो काही फक्त वयामुळे नाही.

तर शुक्रवारी सात वाजता रुस्ताँ दांपत्य नारिंगी जॅकेटं घालून नदीकाठी उभं होतं. गाइडचं नाव माएल. तिशीतली, खणखणीत आवाजाची, आणि नदी आपणच स्वतःच्या हातानं खोदली असल्यासारखी तिची बाजू घेणारी. सोबत बेल्जियमहून आलेले निवृत्त दंतवैद्य, मस्यू लांबिनो, आणि त्यांची अबोल बायको. दोन जोडप्यांच्या दोन होड्या आणि माएलची एक. रुस्ताँच्या होडीत सोलांज पुढे बसली, आन्सेल्म मागे.

पाणी इतकं नितळ होतं, की होडी हवेतच तरंगते आहे असं वाटावं. खालचा खडा न् खडा मोजून घ्यावा, मासे आपल्याच सावलीबरोबर शिवणापाणी खेळताना दिसावेत. सोलांज हरखून वाकून वाकून बघत होती. आन्सेल्म मात्र फक्त गवत शोधत होता.

"यंदा पाणगवत कमी दिसतंय," तो सहज विचारल्यासारखं म्हणाला.

"कापलं ना एप्रिलमध्ये!" माएल आनंदानं ओरडली. "सगळं साफ. तेव्हाच तर आमचे सम्राट सापडले!"

"कोण सम्राट?" सोलांजनं विचारलं.

"रोमन सम्राट! दुसऱ्या बंधाऱ्याच्या पुढे, जुन्या लाकडी पुलाखाली. दगडी आहेत. आम्ही हातसुद्धा लावलेला नाही. संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं ना, की असे थेट आपल्याकडे बघतात! आणि दाढी तर काय सुंदर आहे!"

दाढी म्हटल्यावर आन्सेल्मला हायसं वाटलं. सासऱ्यांना दाढी नव्हती, नुसत्या मिशा होत्या. मग त्याच्या लक्षात आलं, की पाण्याखाली दोन वर्षं राहिल्यावर शेवाळाची दाढी कुणालाही येते.

"सोलांज, माझ्या पोटात दुखतंय. परत जाऊ या."

"प्रवाहाच्या उलट? त्यानं जास्त दुखेल. वल्हं मार, बरं वाटेल."

पहिला बंधारा गेला. होडी घसरगुंडीवरून घसरावी तशी खाली उतरली, सोलांज लहान मुलीसारखी किंचाळली, लांबिनोबाईंनी त्या संध्याकाळचा पहिला शब्द उच्चारला: "अय्या." आन्सेल्मला कसलंच भान नव्हतं. दुसरा बंधारासुद्धा गेला. आता पुढचं वळण, चिनाराची रांग, आणि मग पूल.

"सोलांज, वर बघ! बगळा!"

"कुठाय?"

"गेला. तो बघ, खंड्या!"

"कुठे?"

"गेला. ढग बघ, ढग! काय रंग आहे!"

"तो तरी आहे का जागेवर?" सोलांज म्हणाली आणि पुन्हा पाण्यात बघू लागली.

मग आन्सेल्मनं ठरवलं, की सोलांजला नीट काही दिसायच्या आत पुलाखालून सुसाट निघून जायचं. त्यानं वल्हं असं काही चालवलं, की दंतवैद्यांची होडी मागे पडली आणि माएलचीही मागे पडली. "वा, मस्यू रुस्ताँ!" ती ओरडली. "बघा, वय नुसतं कागदावर असतं!" पण एकाच बाजूनं जोर लावला की होडी सरळ जात नाही, हे पुलावरून बघून कळत नाही. पुलाखाली येताच होडी गर्रकन फिरली आणि आडवी झाली. आन्सेल्मनं खाली पाहिलं.

सासरेबुवा वर बघत होते. हिरवी दाढी पाण्यात डोलत होती, डोळ्यांत तिरपं ऊन होतं आणि कपाळावर तीच ती आठी. शाळेत उशिरा आलेल्या पोराकडे बघावं तसं ते आन्सेल्मकडे बघत होते.

"अगंबाई, तळाशी ते काय..." सोलांज वाकली.

आन्सेल्मपुढे दुसरा इलाज नव्हता. त्यानं अंग एका बाजूला टाकलं आणि होडी पालथी झाली.

सॉर्गचं पाणी उन्हाळ्यातही इतकं गार असतं, की माणूस त्यात पडला की आधी त्याला स्वतःचं नाव आठवावं लागतं. माएलनं चपळाईनं सोलांजला धरलं आणि दोन हातांवरच्या काठावर नेऊन दगडावर बसवलं. सोलांज छातीपर्यंत भिजली होती. होडी दंतवैद्यांनी अडवली. मग सगळ्यांनी आन्सेल्मकडे पाहिलं.

आन्सेल्म नदीच्या मधोमध उभा होता. जिथे माएल छातीभर पाण्यात होती, तिथे त्याच्या नुसत्या मांड्या बुडाल्या होत्या.

"मस्यू रुस्ताँ, या ना इकडे!"

"मी... मी इथे बरा आहे."

"अहो, गारठाल!"

"छान वाटतंय. पोट थांबलं दुखायचं." त्याचे दात एवढे वाजत होते, की दंतवैद्यांनी व्यवसायाच्या सवयीनं मान तिरकी करून ऐकलं.

"तुम्ही एवढे उंच कसे झालात पण?" माएलनं विचारलं.

"मी... उंचच आहे."

"काठावर तर नव्हता."

"आन्सेल्म!" सोलांज दगडावरून ओरडली. "काय चाललंय तुझं? ये इकडे आधी!"

"सूर्यास्त बघतोय!"

"सूर्य तुझ्या पाठीमागे आहे!"

आन्सेल्म वळला. वळताना त्याचे बूट सासऱ्यांच्या डोक्यावरून घसरले. तोल सावरायला त्यानं एक पाय त्यांच्या गालावर रोवला, दुसरा हनुवटीवर. प्रवाह जोराचा होता. दर मिनिटाला त्याला पाय बदलून, घासून घासून नव्यानं रोवावा लागत होता. माएलनं होडीतून दोर काढला, त्याचा गुंता सोडवला, दोर फेकला. आन्सेल्मनं तो पकडला नाही. पुन्हा फेकला. त्यानं हात मागे घेतले. "मादाम, यांना धक्का बसलेला दिसतोय," माएल हळूच म्हणाली. "अशा वेळी माणूस आहे तिथून हलत नाही." मग ती गोड गोड बोलली, रागावून बोलली, आन्सेल्मच्या लहानपणाबद्दल चौकशीसुद्धा केली. शेवटी तिनं मागून पोहत जाऊन त्याच्या कमरेला मिठी मारली आणि त्याला ओंडक्यासारखा काठाकडे ओढत आणला. तोवर त्याचे ओठ जांभळे झाले होते.

पाणी निवळलं. पाचही जण तळाकडे बघत राहिले.

सम्राटांची दाढी साफ गेली होती. आन्सेल्मच्या बुटांनी एवढा वेळ घासून घासून सासरेबुवा असे लखलखीत केले होते, की मिशांचा केस न् केस मोजावा.

"अरे देवा," माएल रडवेली झाली. "दाढी गेली आमची!"

"रोमन?" दंतवैद्य लांबिनो पुढे वाकले. "मला शंका आहे. हा वरचा ओठ बघा कसा आत गेलाय. या माणसाला कवळी होती. आणि चांगली बसलेली नव्हती."

आन्सेल्मनं डोळे मिटून घेतले.  सोलांज टॉवेल गुंडाळून दगडावरून उठली, अगदी पाण्याच्या कडेला गेली आणि बराच वेळ खाली बघत राहिली. खालून तेओद्यूल गार्सँ तिच्याकडे बघत होते.

"रोमनच आहे," ती म्हणाली.

आन्सेल्मनं एक डोळा उघडला.

"पण मादाम, कवळी..."

"रोमन लोकांनी कालवे बांधले, रस्ते बांधले, भिंतीतून गरम हवा खेळवली. त्यांना एक कवळी जमली नसेल?"

"आणि खाली अक्षरं दिसताहेत," दंतवैद्य हटेनात. "टी... मग जी..."

"अक्षरं रोमनच आहेत ना? मग?"

 दंतवैद्यांनी पुन्हा तोंड उघडलं, पण त्यांच्या बायकोनं त्या संध्याकाळचा दुसरा शब्द उच्चारला: "पुरे."

"मग मी उद्याच पुरातत्त्व खात्याला कळवते," माएल डोळे पुसत म्हणाली. "काढून नेतील, संग्रहालयात ठेवतील. किंवा आपल्या नगरपालिकेत, दाराशीच!"

"मुळीच नाही!" सोलांजचा आवाज एवढा चढला, की पुलावरचं कबूतर उडालं. मग आवाज जरा खाली आणून ती म्हणाली, "हे बघ बाळ, मी एकतीस वर्षं गावाच्या ग्रंथालयात काढली आहेत. अशी वस्तू पाण्याबाहेर काढली, की तिची माती होते. दगड फुगतो, मग तडकतो. त्यांना आहे तिथेच राहू दे. लोकांना वरून दाखव. आणि ते गवत सारखं सारखं कापू नका. थोडं वाढलेलं बरं दिसतं."

माएलनं मान डोलावली. दगड फुगतो हे तिला नवीन होतं, पण ग्रंथपालबाईंना कोण विचारणार?

परतीच्या गाडीत मागच्या बाकावर दोघं एकाच घोंगडीत बसली होती. पुढे दंतवैद्य माएलला हिरड्यांबद्दल सांगत होते. आन्सेल्मनं तीनदा बोलायला सुरुवात केली आणि तिन्ही वेळा त्याच्या दातांनी वाक्य तोडलं.

"सोलांज, मी... ते चोरीचं..."

"गप्प बस." ती खिडकीबाहेर बघत होती. द्राक्षांचे मळे मागे पडत होते. मग तिनं विचारलं, "तू त्यांच्या डोक्यावर उभा होतास ना?"

"हो."

"दोन्ही पायांनी?"

"दोन्ही."

"किती वेळ?"

"वीस मिनिटं. पंचवीस असतील."

सोलांजनं घोंगडीची कड घट्ट ओढून घेतली. तिच्या आवाजात आता खरोखरची नाराजी होती.

"आणि मी तिथे दोन हातांवर काठाला बसले होते, आन्सेल्म. मलाही वर चढायला एक हाक मारली नाहीस?"