निगेटिव्ह उलटी ठेवा

वत्सलाबाईंना जाऊन वर्ष व्हायला पाच आठवडे उरले होते, आणि शालिकराम सोमकुंवरांना आपल्या बायकोचा चेहरा आठवेनासा झाला होता.

अगदीच आठवत नव्हता असं नाही. आठवायचा, पण काळा. केस पांढरेशुभ्र, दात काळेकुट्ट आणि कपाळावर पांढरं कुंकू. कारण घरात वत्सलाबाईंचा फोटो म्हणून जे काही होतं ती एक निगेटिव्ह होती. बारा वर्षांपूर्वी कामठीच्या मावसभावानं बोरगावच्या विहिरीजवळ आपल्या डबा कॅमेऱ्यानं त्यांचा फोटो काढला होता आणि "छापून घेजा सवडीनं" म्हणून निगेटिव्ह हातात ठेवली होती. ती सवड बारा वर्षांत काही सापडली नाही. वत्सलाबाई गेल्यावर मात्र शालिकराम रोज सकाळी खिडकीशी उभे राहून निगेटिव्ह उजेडावर धरायचे आणि मगच चहा घ्यायचे. वर्षभर हा नेम चालला, आणि खरी वत्सला पुसत जाऊन तिच्या जागी ही काळ्या दातांची बाई येऊन बसली. आपणच आपली बायको पुसून टाकतोय हे त्यांना कळत होतं. त्याचं त्यांना फार वाईट वाटे, पण नेम सुटत नव्हता.

"भाऊ, एखाद्या स्टुडिओत देऊन मोकळे काऊन होत नाई तुमी?" धाकटी बहीण पुष्पा म्हणाली. पुष्पा मोहगावला मास्तरीण होती. शाळा सुटल्यावरही ती मास्तरीणच असायची.

"निगेटिव्ह घराबाहेर जानार नाई."

"काऊन?"

"विनायकच्या बापाचं काय झालं, मालूम नाई तुले?"

ते सगळ्या सौंसर गावाला मालूम होतं. विनायक हा शालिकरामांच्या कचेरीतला शेजारच्या टेबलाचा बाबू. त्यानं वडिलांची निगेटिव्ह एका स्टुडिओत दिली, मोठा फोटो आणला, भिंतीवर लावला आणि सहा महिने त्याला हार घातला. वारल्यावर वडील जरा बाळसेदार दिसू लागले म्हणून घरचेही समाधानी होते. मग एक दिवस बैतूलचे पाहुणे आले आणि फोटो पाहून किंचाळले, "ये तो हमारे मामाजी हैं!" मामाजी जिवंत होते. नुसते जिवंत नव्हते, तर महिन्याभरानं स्वतः येऊन आपला फोटो उतरवून घेऊन गेले. विनायकच्या वडिलांची निगेटिव्ह कोणाच्या घरी हार घालून घेत बसली आहे ते अजून कळलेलं नाही.

तेव्हा निगेटिव्ह घराबाहेर जाणार नव्हती. मग फोटो छापायचं यंत्रच घरात यायला हवं होतं. निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो उतरवतात त्या यंत्राला एन्लार्जर म्हणतात, हे शालिकरामांनी चौकशी करून शोधून काढलं. ते तहसील कचेरीत डिस्पॅच बाबू होते. सत्तावीस वर्षं सरकारी आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला खरेदीची एकच रीत ठाऊक असते. तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, आणि सगळ्यात स्वस्त असेल ते मंजूर. त्यांनी फाईल केली आणि वर लिहिलं, "विषय: कै. वत्सला."

पहिलं कोटेशन नागपूरचं. तिथल्या दुकानदारानं नवाकोरा एन्लार्जर दाखवला आणि शालिकरामांच्या चपलांकडे पाहून किंमत सांगण्याआधी बसायला स्टूल दिलं. किंमत ऐकल्यावर स्टूल का दिलं ते कळलं.

दुसरं कोटेशन मोहगावच्या यशवंतराव मास्तरांचं. हे विज्ञान शिकवत आणि त्यांनी तुपाच्या डब्याचा, दोनशे वॉटच्या दिव्याचा आणि एका भिंगाचा घरगुती एन्लार्जर केला होता. ते तो जवळजवळ फुकटच द्यायला तयार होते. प्रात्यक्षिकासाठी त्यांनी स्वतःच्या लग्नाची निगेटिव्ह डब्यात घातली आणि दिवा लावला. भिंतीवर नवरा-नवरी दिसले. मग नवऱ्याच्या टोपीतून धूर निघाला.

"सर, तुमी जळून राहिले," शालिकराम म्हणाले.

यशवंतरावांनी फुंकर मारेपर्यंत नवरदेव गळ्यापर्यंत संपला होता. आतून त्यांच्या बायकोनं विचारलं, "जमलं का जी?" आणि मास्तर म्हणाले, "तुह्या बाजूनं जमलं."

उरलं तिसरं, पांढुर्ण्याच्या मोरेश्वर फोटोग्राफरचं. नागपुरात रंगीत फोटो निघू लागल्यापासून मोरेश्वरच्या काळ्या-पांढऱ्या स्टुडिओत गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. मागच्या महिन्यात त्यानं पाटी उतरवली होती आणि आता त्या खोलीत संत्र्यांच्या रिकाम्या पेट्या रचल्या होत्या. त्यानं एन्लार्जरवरची चादर काढली ती मढ्यावरची काढावी तशी.

"घेऊन जा बाबूजी," तो म्हणाला. "अर्ध्या पांढुर्ण्याचे आजे-पंजे याच्यातून निंगाले. आता कोनाले काळा फोटो पायजे? मेलेला मानूसही रंगीत पायजे लोकायले."

"मले काळाच पायजे," शालिकराम म्हणाले.

मोरेश्वरला एवढं बरं वाटलं की त्यानं औषधाच्या बाटल्या, ट्रे, लाल बल्ब आणि पंचवीस कागदांचा पुडा त्याच किमतीत बिलात घातला. काळ्या कागदात गुंडाळलेला एक जास्तीचा कागद तर वरून फुकट दिला. कसं काय करायचं ते दोनदा सांगितलं. गाडी सुटता सुटता तो बसच्या खिडकीशी धावत आला.

"बाबूजी! एक सांगाचं राहिलं! निगेटिव्ह उलटी ठेवजा! उलटी! नाईतर पस्तावसान!"

शालिकरामांनी ते तिकिटाच्या मागे लिहून घेतलं. मांडीवर एन्लार्जर घेऊन बसलेल्या त्यांना कंडक्टरनं विचारलं, "काका, रस काढाची मशीन का?" ते हो म्हणाले. बायकोबद्दल कंडक्टरशी बोलायची त्यांची इच्छा नव्हती.

सोमवारी ते कागदांचा पुडा कचेरीत घेऊन गेले. सत्तावीस वर्षांत न मोजता त्यांनी एक कागद आत घेतला नव्हता की बाहेर सोडला नव्हता. खिडकीशी बसून त्यांनी पुडा फोडला, अंगठा ओल्या स्पंजावर टेकवला आणि भर उन्हात एकेक कागद मोजून त्याच्या मागे पेन्सिलीनं नंबर टाकला. पंचवीस बरोबर भरले. काळ्या कागदातला जास्तीचा त्यांनी उघडला नाही, कारण तो बिलात नव्हता आणि बिलात नसलेल्या मालाची नोंद होत नाही.

स्मृतिदिन रविवारी होता. शनिवारी दुपारी त्यांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. पुष्पानं न्हाणीच्या झरोक्याला घोंगडी ठोकली, लाल बल्ब लावला आणि पाण्याच्या पिंपावर पाट ठेवून एन्लार्जर बसवला. आत उकडत होतं आणि औषधाचा वास नाकात बसत होता.

"आता निगेटिव्ह," शालिकराम तिकीट वाचत म्हणाले. "उलटी ठेवाची."

"उलटी म्हनजे कशी?"

"उलटी म्हनजे पालथी. पोळी उलटतो तशी."

पुष्पानं निगेटिव्ह पालथी घातली. दिवा लागला. खाली पाटावर वत्सलाबाई दिसल्या, पण डोकं खाली, पाय वर.

"भाऊ, वयनी डोक्यावर उभी हाये."

"राहू दे. कागद फिरवून पाहू."

पहिला कागद औषधात टाकला. तो हळूहळू काळा झाला आणि काळाच राहिला. दुसरा काळा झाला. तिसऱ्याला त्यांनी उजेड कमी दिला, चौथ्याला आणखी कमी आणि पाचव्याला दिलाच नाही. तोही काळा झाला. कागदाच्या मागे मात्र 'पाच' हा आकडा सुबक दिसत होता. पुष्पानं कागदांचा पुडा लाल दिव्याशी धरला आणि मोठ्यानं वाचला. मग भावाकडे पाहिलं.

"याच्यावर लिवलं हाये, उजेडात उघडू नका. तुमी कुठे मोजले होते हे कागद?"

शालिकराम न्हाणीच्या उंबऱ्यावर बसले. वर्षभर ते कोणासमोर रडले नव्हते. मौतीच्या दिवशीसुद्धा ते आल्या-गेल्या माणसांना सतरंज्या पुरतात की नाही ते पाहत हिंडले होते. आता मात्र त्या औषधाच्या वासात, लाल उजेडात, पंचवीस काळ्या कागदांपायी त्यांना रडू फुटलं.

"मी तिले मोजून मोजून मारलं," ते म्हणाले.

"बस झालं," पुष्पा म्हणाली. "तो दुसरा कागद कुठे हाये? काळ्यातला?"

"तो बिलात नाई."

"आना इकडे!"

हा एकच कागद होता. पुष्पानं उजेड दिला, मोठ्यानं दहापर्यंत आकडे म्हटले आणि कागद औषधात सोडला. दोघंही ट्रेवर वाकली. आधी विहिरीचा काठ आला. मग पदराची किनार, मग केस, काळे केस. मग डोळे उघडले आणि पांढऱ्या दातांची वत्सलाबाई ट्रेमधून हसली. बारा वर्षांपूर्वी मावसभावानं कॅमेरा धरताना काहीतरी चावटपणा केला असावा, असं ते हसू होतं.

संध्याकाळी फोटो चौकटीत बसून आला. रविवारी सकाळी पांढरं कापड घातलेल्या टेबलावर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी ठेवल्या आणि थोडा खाली वत्सलाबाईंचा फोटो. शालिकराम त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते. काहीतरी चुकत होतं. बाई वत्सलासारखी होती, पण वत्सला नव्हती. वत्सलाला एखादी जुळी बहीण असती आणि ती स्वभावानं थोडी खडूस असती तर अशी दिसली असती. आपण चेहरा विसरलो ते विसरलोच, आता खरा समोर आला तरी ओळखू येत नाही, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात शेजारच्या शांताबाई आल्या. त्या कमरेवर हात ठेवून फोटोसमोर थांबल्या.

"हे कोन बाई होय?"

"वत्सला होय," शालिकराम म्हणाले.

"वत्सलाचा तीळ डाव्या गालावर होता. इचा उजव्या गालावर हाये. चमकी उजव्या नाकात. पदर उजव्या खांद्यावर. गुजरातीन होती का ते?" शांताबाईंनी आवाज खाली आणला. "बाबू, तुमीही कुठल्या स्टुडिओत तर नाई गेलते?"

माणसं जमू लागली. प्रत्येक जण फोटोपाशी थबकायचा, शालिकरामांकडे पाहायचा आणि सतरंजीवर जाऊन बसायचा. विनायकनं मात्र जवळ येऊन त्यांचा हात दाबला आणि म्हणाला, "होते असं. सहा महिन्यात सवय होते." दिवस वत्सलाचा होता आणि वत्सलाच आली नव्हती. चांगला कागद एकही उरला नव्हता, आणि वंदनेला अर्धा तास होता.

पुष्पा समोरच्या भिंतीवरच्या आरशात पाहून घाईनं केस विंचरत होती. एकाएकी तिच्या हातातली फणी खाली पडली.

"वयनी!"

सगळे वळले. पुष्पा आरशाकडे बोट दाखवत होती. आरशात तिच्या खांद्यामागे टेबल दिसत होतं, टेबलावर फोटो, आणि फोटोत वत्सलाबाई. तीळ डाव्या गालावर. चमकी डाव्या नाकात. पदर डाव्या खांद्यावर. हसूसुद्धा ओळखीचं.

"हे होय ते!" शांताबाई ओरडल्या आणि त्यांना एकदम हुंदका आला. "हे होय आपली वत्सला! कवा आली व बाई?"

वंदना घेणारे हिरामणबुवा वयस्क होते, पण त्यांनाही असा प्रसंग पूर्वी आला नव्हता. त्यांनी फोटो पाहिला, आरसा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. "फूल फोटोले वाहा," त्यांनी निकाल दिला, "अन् पाहा आरशात."

तसंच झालं. माणसं रांगेनं येत, फोटोला फूल वाहत, मग त्याच्याकडे पाठ करून आरशापुढे हात जोडून उभी राहत. आरसा म्हटला की माणसाला राहवत नाही. शांताबाईंनी हात जोडण्याआधी पदर सारखा केला. विनायकनं डोळे पुसता पुसता मिशा वळवल्या. हिरामणबुवांनी दातात अडकलेलं काहीतरी काढलं. बाहेरून उशिरा आलेल्या तिगावच्या पाहुण्यांनी दारातूनच पाहिलं की मंडळी फोटोकडे पाठ करून भिंतीला नमस्कार करत आहेत, आणि सौंसरकडची ही रीतच असेल म्हणून तेही मुकाट्यानं रांगेत लागले.

चार वाजेपर्यंत घर रिकामं झालं. पुष्पा सतरंज्या झटकून आत आली तेव्हा शालिकराम आरशापुढे उभे होते.

"भाऊ, त्या मोरेश्वरले चिठ्ठी टाका," ती म्हणाली. "नवे कागद आना. उलटी म्हनजे डोकं खाली, पालथी नाई; तशी ठेवून सीधा फोटो काढू. या खेपेले मी मोजतो कागद, तुमी हात लावू नका."

शालिकराम वळले नाहीत. आरशात त्यांच्या खांद्यामागून वत्सला हसत होती. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, पण दोघांचा मिळून एकही फोटो नव्हता. आज पहिल्यांदा दोघं एका चौकटीत दिसत होती. तिचा तीळ जागच्या जागी होता. त्यांच्या सदऱ्याचा खिसा मात्र पेनासकट उजवीकडे गेला होता आणि भांगाची बाजू बदलली होती.

"राहू दे," ते म्हणाले. "आता ते सीधी झाली. मीच उलटा दिसून राहिलो."

पुष्पानं सतरंजीची घडी घातली.

"वयनी जलमभर दुसरं काय म्हने?" ती म्हणाली.