गिरिजाक्का ऑफिसला जातात

आमच्या शेजारच्या गिरिजाक्का रोज सकाळी बोळातल्या दाराला कुलूप लावतात, खांद्याला पर्स अडकवतात, हातात डबा घेतात आणि शेअर रिक्षाने सात रस्त्याच्या चौकात जातात. तिथे टपरीवर उभ्याने चहा पितात, रस्ता ओलांडतात, उलट जाणाऱ्या रिक्षात बसतात आणि परत येतात. मग त्याच घराचं रस्त्याकडचं दार उघडून आत बसतात. ती पुढची खोली म्हणजे त्यांचं ऑफिस.

हे मला माहीत नव्हतं. आम्ही इथे नवीनच राहायला आलो होतो. बाई कामावर निघाल्यात, ऊन मी म्हणतंय, म्हणून मी स्कूटरवर बसा म्हणालो. "सात रस्त्यावर सोड की," म्हणाल्या. पुढे कित्येक दिवस मी त्यांना इमानेइतबारे सोडत होतो. एकदा चष्मा विसरला म्हणून मी अर्ध्या वाटेवरून घरी आलो, तर अक्का खिडकीत बसून खाली मान घालून लिहीत होत्या. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "सैपाकघरातनं उठून नुसतं पुढच्या खोलीत बसलं तर त्याला ऑफिस म्हणतात व्हय? मोदलु केलसा!"

मोदलु केलसा म्हणजे कन्नडमध्ये ‘आधी काम’. अक्का अक्कलकोटकडच्या. त्या हिशेब कन्नडमध्ये करतात आणि भांडतात मराठीत. वकील लोक जुनी कन्नड कागदपत्रं आणून देतात, ती त्या मराठीत करून देतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. वरिष्ठ, कनिष्ठ, शिपाई, सगळं त्या एकट्याच.

पण शिस्त अशी की विचारू नका. घर आणि ऑफिस यांच्या मधल्या दाराला दिवसभर कडी. एकदा माझी बायको स्मिता वाटीभर शेंगांची आमटी घेऊन ऑफिसच्या दारात गेली. अक्कांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "गिरिजाक्का संध्याकाळी घरी भेटतील." मग आमटीचा वास नाकाशी गेला असावा. म्हणाल्या, "बरं, ठेव हितं. देते त्यांना."

पाण्याचंही तेच. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी नेमकं कामाच्या वेळेत. अक्कांपासून नळ चार पावलांवर, पण त्या उठणार नाहीत. "ऑफिस सोडून घरी जाता येतंय का रे?" त्यामुळे त्यांच्या बोळातल्या दाराची एक किल्ली आमच्याकडे असते. पाणी आलं की आम्ही पळायचं, त्यांची टाकी भरायची आणि त्यांनी भिंतीपलीकडून ओरडायचं, "गळतंय बघ, नळ नीट बंद कर!"

या शिस्तीचा उन्हाळ्यात मात्र पार बोजवारा उडतो. मे महिन्यात कर्नाटकातल्या इंडीहून भाचीची तीन मुलं येतात आणि ऑफिसला सुट्टी लागते. वकिलांची कागदपत्रं कपाटावर चढतात, टेबलावर कॅरम येतो, खुर्चीत कुरडयांचं पातेलं बसतं. अक्का दुपारी कूलरपुढे घोरतात आणि पत्त्यांत पोरांना राजरोस फसवतात. जूनमध्ये मुलं गेली की दुसऱ्या दिवशी पुन्हा पर्स, डबा, रिक्षा. पहिल्याच दिवशी उशीर झाला तर स्वतःची अर्धी रजा मांडतात आणि ती मंजूर करावी की नाही, यावर जेवणाच्या सुट्टीपर्यंत विचार करतात.

यंदा मात्र ऑफिस काही रुळावर येईना. भाचीच्या नवऱ्याची बदली लांब झाली. पुढच्या मे महिन्याचं काही सांगता येत नाही, असं मुलांना घेऊन निघताना भाची बोलून गेली होती. अक्का सात रस्त्याला जात, पण टपरीवरच रेंगाळत. ऑफिस उघडलं तरी पेन टोपणातच. शेवटी एका वकिलांनी मलाच फोन केला, "तुमच्या अक्का यंदा काम करणार आहेत, का मी दुसरीकडे देऊ? तारीख तोंडावर आलीय."

मी ऑफिसच्या दारात उभा राहिलो आणि निरोप सांगितला. अक्कांनी कागदांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला.

"काय करू रे? स्टाफचं मन लागंना झालंय."

यावर एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी हसू आलं नाही.

दोन दिवसांनी पाणी उशिरा आलं, संध्याकाळी. मी अक्कांच्या घरात टाकी भरत होतो. एवढ्यात बोळातल्या दाराची बेल वाजली. कुणीतरी पाहुणं आलं असेल म्हणून मी सवयीने ओरडलो, "आलो, आलो!" आणि ओल्या हाताने दार उघडलं.

दारात अक्का. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात किल्ली.

"किल्ली आहे की तुमच्याकडे," मी म्हणालो. "मग बेल कशाला वाजवली?"

अक्कांनी हातातल्या किल्लीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मे महिन्यात भाजी घेऊन आले, बेल वाजवली, की तिघं ‘अज्जी आली’ म्हणत पळत यायची. पोरं गेली, पण बोट आपलं जातंयच तिकडं. रोज वाजवते. जरा थांबते. मग कुलूप काढते." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आज कुणीतरी ‘आलो’ म्हटलं बघ."

मी पिशवी घेतली आणि बाजूला झालो. अक्का आत आल्या, खुर्चीत टेकल्या आणि अगदी दमल्या आवाजात म्हणाल्या, "चहा टाक की. ऑफिसात लई काम होतं आज."

काम कसलं, एक ओळ झाली नव्हती. पण मी चहा टाकला. समोर बसून त्यांनी मला त्या न झालेल्या कामाची सगळी हकिगत सांगितली आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर ऑफिस उघडून ते खरोखर करायला घेतलं. वकिलांचा गठ्ठा तारखेच्या आत गेला.

तेव्हापासून संध्याकाळी अक्कांच्या ऑफिसचं दार लागल्याचा आवाज आला, की मी नाहीतर स्मिता किल्ली घेऊन त्यांच्या घरात शिरतो. बेल वाजली की ‘आलो’ म्हणतो आणि दार उघडतो. पाणी भरायला आलो होतो, असं सांगतो. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे अक्कांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण अजून त्यांनी काही विचारलेलं नाही.