तीन दात जास्तीचे

"जबडा कुणाचाही द्या, मी त्याला हसता करून दाखवतो!" हे कवळीकाकांचं ठेवणीतलं वाक्य. आणि ती नुसती फुशारकी नव्हती बरं का! काका तीस वर्षं कवळ्या बनवत होते. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे जिन्याखालची एक खोली, तिथे त्यांचं टेबल. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, जणू एखाद्या सभेला माणसं यायची राहिली आणि नुसती तोंडंच आली! डॉक्टर मापं पाठवायचे, काका दात घडवायचे. दात इतके बेमालूम, की एका गृहस्थांना कवळी आहे हे त्यांच्या बायकोला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं, तेही त्यांना जोरात शिंक आली म्हणून!

असा हा नाजूक कामाचा माणूस रविवार उजाडला की हातोडी घेऊन दगड फोडायला निघायचा. वस्तीबाहेर एक बंद पडलेली दगडखाण होती. सोबतीला एकच मित्र, निवृत्त पोस्टमन. दोघांनाही जीवाश्मांचं वेड. लाखो वर्षांपूर्वी मेलेल्या जिवांचे दगड झालेले अवशेष शोधायचे, आणि त्यातलं जे बरं असेल ते संग्रहालयाला देऊन टाकायचं. बारा वर्षांत त्यांनी शंख दिले, शिंपले दिले, पानांचे ठसे दिले, एका माशाची अर्धी शेपटी दिली. संग्रहालयातल्या बाई दर वेळी नेमानं पत्र पाठवायच्या : "आभारी आहोत. असे शंख आमच्याकडे चारशे आहेत." ते पत्रही दोघं आळीपाळीनं घरी नेऊन जपून ठेवायचे.

त्या रविवारी पोस्टमन चालता चालता थबकला. चाळीस वर्षं पुसट पत्ते वाचून त्याची नजर अशी तयार झाली होती, की भिंतीवरचा डागसुद्धा तो आधी वाचून बघायचा.

"अरे, इकडे ये. ह्या दगडाला दात आहेत."

काकांनी वाकून पाहिलं आणि त्यांची स्वतःचीच दातखीळ बसली. वीतभर लांबीचा जबडा! खडकातून अर्धा बाहेर आलेला, काळसर, तुकतुकीत. त्यात अकरा टोकदार दात जागच्या जागी, आणि मधोमध तीन खोबणी रिकाम्या. दोघांनी दुपारभर घाम गाळून तो सोडवला. पोस्टमननं वहीत जागा लिहिली, खोली मोजून लिहिली, खडकाचा रंग लिहिला.

"आता हे जसंच्या तसं बाईंच्या हातात," तो म्हणाला. "माती पण पुसायची नाही. लेका, टपाल उघडून वाचायचं नसतं. फक्त पोचवायचं."

"म्हणजे काय! मी काय लहान आहे?" काका म्हणाले.

ठरलं. पण बाई दहा दिवस बाहेरगावी होत्या. आणि कवळीवाल्याच्या टेबलावर तीन दात कमी असलेला जबडा दहा दिवस ठेवणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं!

पहिले चार दिवस काकांनी त्यावर रुमाल टाकून ठेवला. पाचव्या दिवशी रुमाल उचलला. सहाव्या दिवशी त्यांच्या मनात आलं, एवढी मोठी वस्तू विज्ञानाला द्यायची, ती अशी बोळकी द्यायची? लोक काय म्हणतील? तीस वर्षांत आपल्या टेबलावरून एक तोंड तरी अर्धवट गेलंय का?

नेमका त्याच आठवड्यात पोस्टमन बहिणीच्या ऑपरेशनसाठी परगावी गेला. आता हात धरायला कुणी उरलं नाही.

काकांनी आधी त्या तीन खोबणी बारीक मशीननं स्वच्छ कोरून काढल्या. आत कसले तरी तुटके तुकडे घट्ट बसलेले होते. ते त्यांनी सवयीनं उकरले आणि केराच्या डब्यात झटकले. मग दात शोधायला लागले. टोकदार दातांचा साचा कुठला असायला! माणसं काय हरणं फाडून खातात? पण खणात निवृत्त हेडमास्तरांच्या कवळीचे तीन दात उरले होते. दाढा, चांगल्या रुंद. काकांनी त्या घासल्या, चहाच्या पाण्यात बुडवल्या, काजळीनं चोळल्या आणि मेणानं अलगद बसवल्या. चौदाच्या चौदा! जबडा असा दिसायला लागला, की आता कुणाला तरी हाक मारेल.

बायको डबा घेऊन आली. "अहो, हे कुठल्या पेशंटचं?"

"आहे एक. जरा म्हातारं आहे."

"बिचारं," बायको म्हणाली. "मऊ भात खा म्हणावं."

बाई परत आल्या. काका एकटेच संग्रहालयात गेले आणि पेटी उघडून समोर ठेवली. बाईंनी भिंग लावलं. मग खुर्चीतून उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या आणि पुन्हा भिंग लावलं.

"काका, हे काय आणलंत तुम्ही! कडेचे दात मांस फाडायचे आणि मधले तीन चक्क चावून चावून खायचे! असं जनावर आजवर कुणी पाहिलेलं नाही हो!"

"बाई, एक सांगायचं होतं. ते मधले तीन दात... माझे आहेत."

बाई मनापासून हसल्या. "अहो, तुमचेच तर! तुम्हाला सापडले, तुम्ही दिलेत. तुमचं नाव लागणारच!"

"तसं नाही. ते मी बसवलेत."

"कळतं ना! सोडवताना निसटले असतील, तुम्ही जागच्या जागी बसवलेत. किती काळजी घेतलीत!" असं म्हणून त्यांनी असा नमस्कार केला, की काकांच्या तोंडून पुढचा शब्दच फुटेना. तिथेच घशात बोट घालून तो शब्द ओढून काढायला हवा होता! पण बारा वर्षांत पहिल्यांदा कुणी 'असे चारशे आहेत' म्हणालं नव्हतं. तो नमस्कार परत करायला काकांचं मन होईना. उद्या सांगू, असं ठरवून ते घरी आले.

उद्या पेपरात फोटो आला. परवा पोस्टमन आला. हातात तोच पेपर, आणि फोटोवर पेननं मोजल्याच्या खुणा.

"अकरा होते. चौदा कसे झाले?"

"त्याचं असं झालं..." काका चाचरले, "...आले."

"आले? लाखो वर्षांनी?"

"दुधाचे पडले असतील!"

पोस्टमन हसला नाही. नेहमी हसायचा, त्या दिवशी हसला नाही. "टपाल फोडलंस तू," एवढंच म्हणाला. "आणि आत आपल्या पदरची चिठ्ठी घातलीस. आजच्या आज बाईंना फोन कर. तोवर मला हाक मारू नकोस."

काकांनी फोन लावला. बाई घाईत होत्या; मागे हातोड्यांचा आणि टेबलं ओढण्याचा आवाज.

"बाई, ते तीन दात हेडमास्तरांचे आहेत हो!"

"कुणाचे? नीट ऐकू येत नाही."

"हेडमास्तरांचे! आमच्या शाळेच्या! त्यांच्या नावचे आहेत ते!"

"त्यांच्या नावे अर्पण करायचेत? अहो, किती छान कल्पना! जनावराला त्यांचंच नाव सुचवते मी. त्यांना कार्यक्रमाला बोलवूया!"

फोन बंद. काका रिसीव्हर धरून तसेच उभे. बायकोनं विचारलं, "काय म्हणाल्या?" काका म्हणाले, "जनावराचं बारसं आहे. हेडमास्तर येणार आहेत."

आता हेडमास्तर म्हणजे कोण, तर सबंध वस्तीला आपले दात दाखवून सांगणारे गृहस्थ : "पंचाहत्तरी उलटली, पण बत्तीसच्या बत्तीस स्वतःचे! शिस्त लागते!" त्यांच्या कवळीची गोष्ट फक्त काकांना आणि डॉक्टरांना ठाऊक. बोलावणं मिळाल्यावर ते काकांच्या घरी येऊन त्यांची पाठ थोपटून गेले. "वर्गात मागच्या बाकावर बसायचास," ते गहिवरून म्हणाले, "पण गुरूला विसरला नाहीस!"

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलेलं. मंचावर काचेच्या पेटीशेजारी बाई, हेडमास्तर आणि काका. चौथी खुर्ची पोस्टमनची. ती रिकामी. काकांनी तीनदा दाराकडे पाहिलं. मग दिसलं, पोस्टमन आला होता, पण शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभा होता.

बाई बोलायला उठल्या. वीस वर्षं आपण ह्या खणांमधले शंख मोजत आलो, असं त्या म्हणाल्या. आज पहिल्यांदा मोठ्या परिषदेला पत्र पाठवलंय, पुढच्या महिन्यात तिथे हा जबडा मांडायचाय. "आणि हे सगळं दोन साध्या हौशी माणसांमुळे!" टाळ्यांचा कडकडाट. फोटोवाल्यानं हेडमास्तरांना जबड्याशेजारी उभं केलं. "सर, जरा हसा!"

हेडमास्तर हसले.

पहिल्या रांगेतली एक बाई पुटपुटली, "अगंबाई, सारखेच दिसतात की!"

काका ताडकन उठले. माइक हातात घेतला. "माफ करा. हे दात खोटे आहेत. मी केलेत."

लोक हसले! किती विनयशील माणूस, गंमत करतोय! बाईही हसल्या. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. खरं बोलायला उशीर केला, की खऱ्यालाही कुणी दारात उभं करत नाही! शेवटी त्यांनी काचेची पेटी उघडली, मधल्या दाढेला अंगठा लावला आणि दाबला.

टक्!

लाखो वर्षांपूर्वीचा दात काकांच्या तळहातावर पडला. मग दुसरा. मग तिसरा. खाली अजून मेण चिकटलेलं होतं.

"हे सरांच्या कवळीतले उरलेले आहेत," काका म्हणाले.

सभागृहात असा सन्नाटा पसरला, की हेडमास्तरांनी तोंड मिटल्याचासुद्धा आवाज ऐकू आला.

लोक पांगल्यावर बाई पेटीशेजारच्या खुर्चीत बसून राहिल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "ह्या खोबणीत आधी काही होतं का?"

"घाण होती. बारीक तुटके तुकडे. मी कोरून काढले."

"कुठे आहेत ते?"

"केरात."

बाईंनी डोळे मिटले. "ती मुळं होती, काका. खऱ्या दातांची. मूळ पाहून दात कसा होता ते सांगता आलं असतं. हे जनावर काय खात होतं ते तिथे लिहिलेलं होतं."

"मुळं ठेवून कवळी बसत नाही," असं ते कसंबसं म्हणाले, आणि ते शब्द ऐकून त्यांचं त्यांनाच रडू फुटलं. शेवटच्या रांगेतून पोस्टमन पुढे आला होता. त्यानं खिशातून जागेची वही काढली आणि बाईंच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी केराचा डबा पाहिला तर तो केव्हाच रिकामा झालेला. मग काका, काकू आणि पोस्टमन तिघांनी मिळून जिन्याखालची खोली झाडली, टेबल उलथं केलं, फरशीच्या फटी सुईनं उकरल्या. चाळून चाळून अकरा कण निघाले. काकांनी ते कापसात ठेवून संग्रहालयात पोचवले. आठवड्यानं बाईंचं पत्र आलं : "दहा कण प्लास्टरचे. अकरावी उंदराची लेंडी, ताजी. परिषदेला पाठवलेलं पत्र मी मागे घेतलं आहे. जबडा मात्र खरा आहे आणि मोलाचा आहे. तो जपून ठेवला आहे."

शेवटच्या दोन वाक्यांवर काका पुन्हा पुन्हा बोट ठेवायचे. पण त्यांच्या वरचं वाक्य काही केल्या पुसलं जाईना.

जगाची तऱ्हा बघा! गोष्ट पसरली तशी काकांच्या दारात रांग लागली. "शास्त्रज्ञांनासुद्धा ओळखू आले नाहीत म्हणे! आम्हाला तसेच दात हवेत!" सगळे काकांचं तोंड भरून कौतुक करायचे, आणि प्रत्येक कौतुकाला काकांच्या काळजात टक् व्हायचं. फक्त हेडमास्तर फिरकले नाहीत. रस्त्यात समोर आले तर तोंड घट्ट मिटून पलीकडच्या फुटपाथवर जायचे. काका दोनदा माफी मागायला त्यांच्या घरी गेले, दोन्ही वेळा आतून उत्तर आलं, "सर घरात नाहीत." आवाज सरांचाच होता, जरा बोबडा.

दोन महिन्यांनी एका रविवारी सकाळी पोस्टमन काकांच्या दारात उभा राहिला. "चल," एवढंच म्हणाला. काकांनी चपला घालता घालता हातोडी उचलली. पोस्टमननं ती काढून घेतली. छिन्नी काढून घेतली. खिसे चाचपले, घासायचा कागद निघाला, तोही काढून घेतला.

खाणीत दुपारपर्यंत काही मिळालं नाही. मग एका कपारीत हाडाचं टोक दिसलं. काका हरखून पुढे झाले.

"हात मागे!" पोस्टमन गरजला.

तीस वर्षांचा कसलेला कारागीर दोन्ही हात पाठीमागे बांधून उन्हात उभा राहिला, आणि पोस्टमन माती न पुसता ते हाड हळूच कागदात गुंडाळू लागला. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"नुसतं बघू का रे?"

"लांबून बघ," पोस्टमन म्हणाला.